पणजोबांची मोटर विहिरीत गेली म्हणतात. जुन्या गाडीचा माग कसा काढायचा?

वाळूघड्याळ (धागाकर्ता)
घरात पणजोबांच्या मोटारीचा एकच फोटो आहे. पोस्टकार्डाएवढा, एक कोपरा वाळवीने खाल्लेला. पणजोबा फुटबोर्डवर एक पाय टेकवून उभे आहेत, मागच्या सीटवर पणजी आणि तिच्या मांडीवर आजोबा. टप खाली पाडलेला. नंबराची पाटी दिसत नाही, नेमका तोच कोपरा गेलाय.

या गाडीबद्दल घरात दोन गोष्टी सांगतात. एक, ती १९०८ सालची होती. दुसरी, ती विहिरीत गेली. कशी गेली, यावर प्रत्येक काकाची वेगळी कथा आहे. एकाच्या कथेत ब्रेक लागला नाही, दुसऱ्याच्या कथेत भाऊबंदकीत कुणीतरी रात्री ढकलून दिली. विहीर अजून आहे. पाणीही आहे.

ही गाडी कोणती होती आणि तिचं पुढे काय झालं, एवढंच मला जाणून घ्यायचंय. विहिरीत माणूस उतरवून पाहावं का? इतकी वर्षं पाण्यात राहिलेल्या गाडीचं काही उरतं तरी का? कुणी असा माग काढला असेल तर सुरुवात कुठून केली ते सांगा. फोटो स्कॅन करून जोडला आहे.

रेडिएटर
फोर्ड मॉडेल टी, टूरिंग, म्हणजे टप पाडता येणारी उघडी गाडी. पण १९०८ ची नाही.

रेडिएटर चकाकतोय, म्हणजे पितळी आहे. फोर्डने १९१७ च्या मॉडेलपासून रेडिएटरला काळं कवच दिलं, तेव्हा ही त्याच्या आधीची. हेडलाइट विजेचे आहेत. १९१५ च्या मॉडेलच्या आधी टीला कार्बाइड गॅसचे दिवे असत आणि गॅस तयार करणारं भांडं फुटबोर्डवर बसवलेलं असे. पणजोबांनी जिथे पाय ठेवलाय तिथे ते भांडं नाही. मागचं मडगार्ड चाकाबरोबर गोल वळलंय, पुढचं मात्र वरून सपाट आहे. १९१७ पासून दोन्ही फुगीर झाली. या सगळ्यांत बसणारी सालं दोनच, १९१५ आणि १९१६.

आणखी एक गंमत पाहा. स्टीअरिंग डावीकडे आहे आणि त्या बाजूच्या पुढच्या दाराला कडी नाही. ते दारच नाही, पत्र्यावर उठवलेली दाराची आकृती आहे. अमेरिकेत बनलेल्या टूरिंगला तिथे दार नसायचं, चालवणारा उजवीकडून चढून आत सरकायचा.

सावली
म्हणजे १९०८ चुकलंच? वाईट वाटलं. घरातल्या माणसांनी इतकी वर्षं जपलेलं साल आहे ते.

रेडिएटर
@सावली, साल उगाच आलेलं नाही. मॉडेल टी बाजारात आली ती १९०८ च्या ऑक्टोबरात. कुणीतरी कुठेतरी 'मॉडेल टी, १९०८' असं वाचलं असणार आणि ते आपल्या गाडीला चिकटलं. अशी सालं मी बऱ्याच घरांत पाहिली आहेत. मॉडेलचा जन्म आणि त्या गाडीचा जन्म यांत गल्लत होते. टी १९२७ पर्यंत बनत होती, एकूण दीड कोटी.

पाना_दहाबारा
पाण्यात काय उरतं, या प्रश्नाला उत्तर आहे.

इटली आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर माज्जोरे नावाचं सरोवर आहे. त्याच्या स्विस बाजूला, आस्कोनाजवळ, १९२५ ची बुगाटी ब्रेशिया पन्नासहून जास्त मीटर खोल पडली होती. जकात भरलेली नव्हती म्हणून अधिकाऱ्यांनी ती पाण्यात सोडली, साखळीने बांधून, म्हणजे पुढे लागली तर ओढून काढता येईल, असं सांगतात. साखळी गंजून तुटली आणि गाडी तळाला गेली. १९६७ मध्ये एका पाणबुड्याला ती दिसली, पण वर आली २००९ च्या जुलैमध्ये. पत्रा जाळीसारखा झाला होता, पण रेडिएटर, चाकं, इंजिन ओळखू येत होतं. पुढच्या वर्षी पॅरिसच्या लिलावात ती अडीच लाख युरोच्या वर गेली आणि घेणाऱ्याने तिला रंगाचा हातही लावला नाही. जशी निघाली तशीच मांडली.

म्हणून विहिरीत असेल तर काहीतरी उरलं असणार. टीचं इंजिन बिडाचं आहे, ते इतक्या सहज जात नाही.

निळी शाई
पाण्यातून निघालेली झाली, आता वाळूतून निघालेली. 'बॅब्स'.

शर्यतींचा शौकीन काउंट झ्बोरोव्स्की याने बनवून घेतलेली राक्षसी गाडी, २७ लिटरचं लिबर्टी विमान-इंजिन. १९२४ मध्ये तो इटलीतल्या मॉन्झाच्या शर्यतीत अपघातात वारला. मग पॅरी-थॉमस या शर्यतपटूने गाडी विकत घेतली, तिला बॅब्स नाव दिलं आणि १९२६ च्या एप्रिलमध्ये वेल्समधल्या पेंडाइनच्या किनाऱ्यावर ताशी १७१ मैलांचा विक्रम केला. ३ मार्च १९२७ ला तिथेच पुन्हा विक्रमाचा प्रयत्न करताना त्याचा मृत्यू झाला. गाडी तिथेच वाळूत पुरली.

ती ४२ वर्षं वाळूत होती. १९६९ मध्ये ओवेन विन ओवेन या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने ती उकरून काढली आणि पुढची कित्येक वर्षं खपून पुन्हा चालती केली.

मला यातली मोठी गोष्ट वेगळीच वाटते. गाडीची चाकं फिरवणारी साखळी तुटून थॉमसला लागली, असंच सगळे धरून चालले होते. गाडी बाहेर आल्यावर तिचे भाग तपासता आले आणि मागच्या उजव्या चाकाने दगा दिला असावा, असा वेगळा तर्क पुढे आला. वाळूत गाडी नसून साक्षीदारच पुरला होता म्हणा ना. तुमच्या काकांच्या कथांचा निकालही लोखंडच लावेल.

गोगलगाय
माझा साधा प्रश्न. विहिरीचं तोंड किती रुंद आहे आणि कठडा केवढा आहे?

कागदीघोडे
विहिरीकडे नंतर जा. आधी ट्रंकेकडे जा.

मी गेली बरीच वर्षं जुन्या गाड्यांचे कागद लावून देतो. लोक गाडी शोधायला निघतात तेव्हा 'कुणाकडे आहे' इथून सुरुवात करतात. माग मात्र 'शेवटचा कागद कुठला' इथून निघतो. विम्याची पावती, कराची पावती, पेट्रोलची वही, टायर बदलल्याचं बिल, कुणाला तरी लिहिलेलं पत्र, कोर्टकचेरीचे कागद, वाटणीपत्र. वाटणीपत्र तर आधी पाहा. वाटणी झाली त्या दिवशी गाडी होती का आणि कुणाच्या नावे गेली, हे तिथे एका ओळीत सापडतं.

सरकारी नोंदीवर फार विसंबू नका. पॅरिसच्या पोलिसांनी गाड्यांना पाट्या सक्तीच्या केल्या १८९३ मध्ये, ब्रिटनमध्ये नोंदणी १९०४ पासून सुरू झाली. सुरुवात अशी लवकर झाली, पण कागद टिकले असं नाही. ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकात नोंदी संगणकावर एका ठिकाणी आणल्या, तेव्हा परगण्यांची कितीतरी जुनी रजिस्टरं रद्दीत गेली. जी वाचली ती कुणीतरी हौशी माणसांनी उचलून नेली म्हणून.

आता नंबर. सतरा अक्षरी नंबर १९८१ पासूनचा, त्याच्या आधी प्रत्येक कारखान्याची आपली रीत होती. रोल्स-रॉईसचं पाहिलंत तर कंपनी दुसऱ्या महायुद्धापर्यंत फक्त चॅसी, म्हणजे इंजिन-चाकांसकट खालचा सांगाडा, देत असे, बॉडी गिऱ्हाईक दुसरीकडे बनवून घेई. त्यामुळे चॅसीच्या नंबरावर कार्डं आहेत, आणि त्या कार्डांवर पहिल्या मालकापासूनची माहिती मिळते. तुमच्या टीचं उलटं आहे. टीला १९२५ च्या अखेरीपर्यंत चॅसीवर नंबरच नव्हता. गाडीचा नंबर म्हणजे इंजिनाचा नंबर, ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पाणी आत येतं त्या नळीच्या वर ठोकलेला. तेव्हा कागदात कुठलाही मोठा आकडा दिसला तर लगेच इथे टाका.

वाळूघड्याळ
@गोगलगाय, आज मोजून आलो. विहीर आतून नऊ फूट. कठडा दगडी, कमरेच्या वर, आणि सगळीकडून अखंड. कुठे फुटून पुन्हा बांधल्याची खूण नाही.

@कागदीघोडे, ट्रंक काकूंकडे आहे. रविवारी उघडतो.

गोगलगाय
टीची लांबी साधारण अकरा फूट. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतच १०० इंच. ब्रेक न लागून गेली असती तर कठड्याला धडकून तिथेच थांबली असती. कठडा ओलांडून नऊ फुटांच्या तोंडात पडायला गाडीला नाक खाली करून सूर मारावा लागेल.

सावली
भाऊबंदांनी रात्री उचलून टाकली असेल तर?

रेडिएटर
साडेसहाशे किलो वजन, सावली. तेवढे भाऊ एका बाजूला आले असते तर भाऊबंदकी कशाला झाली असती!

अबोली
धागा वाचतेय तेव्हापासून लिहू की नको चाललंय.

मी वडिलांची गाडी शोधली. चार वर्षं लागली. त्यांनी विकली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आईने जपलेल्या पावतीवर चॅसी नंबर होता. तीन मालक ओलांडून एका व्यापाऱ्यापर्यंत पोचले. रंग तोच, पाटी तीच, चॅसी नंबर तंतोतंत तोच. मी गाडीत बसून रडले. घेतलीही.

घरी आणल्यावर एका संध्याकाळी डॅशबोर्डखाली हात घातला. वडिलांनी तिथे स्वतः एक घड्याळ बसवलं होतं, चार स्क्रूंनी. ड्रिलने भोकं पाडताना मी टॉर्च धरला होता. भोकं नव्हती. बुजवलेलीही नव्हती, मागून पत्रा कोरा होता.

मग एका जाणकाराला बोलावलं. नंबराची पट्टी ज्या रिबिटांनी बसवली होती ती कारखान्याची नव्हती. चॅसीवर ठोकलेल्या आकड्यांभोवती घासल्याच्या रेषा होत्या. आम्लाचा द्राव लावल्यावर खालून दुसरेच आकडे अंधुक वर आले. म्हणजे वडिलांच्या गाडीची पट्टी आणि कागद दुसऱ्याच गाडीवर चढवले होते. वडिलांची गाडी कुठे गेली ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

वाळूघड्याळ, नंबर जुळला की थांबू नका. घरच्या माणसालाच माहीत असेल अशी एखादी खूण आठवून ठेवा.

पाना_दहाबारा
अबोलीताई, वाचून थांबलोच. लिहिलंत ते फार बरं केलंत.

आकडे का उमटतात ते इतरांसाठी सांगतो. ठोकताना आकड्याखालचं पोलाद दबतं. वरचा थर घासून काढला तरी खालचा दबलेला भाग तसाच राहतो, आणि आम्ल त्याला आजूबाजूपेक्षा वेगळ्या वेगाने खातं. जे खोडायचं होतं ते धातूच्या पोटात राहिलेलं असतं. रंगाचंही असंच. १९२३-२४ च्या आधी ब्रशने वार्निशी रंगाचे थर देत, आठवडेच्या आठवडे वाळवत. नंतर फवाऱ्याचा झटपट वाळणारा सेल्युलोज रंग आला. एका कोपऱ्यात थर उलगडत गेलं तर गाडी कितव्यांदा रंगली ते मोजता येतं.

टपावरचा
विषयांतर करतो, पण मला हे कुणीतरी समजावून सांगा. सगळे भाग बदलत गेले तर गाडी तीच राहते का? अबोलीताईंच्या बाबतीत कागद खरे आणि गाडी खोटी. उलटं असेल तर?

निळी शाई
यावर लंडनच्या कोर्टात खटला झालाय. 'ओल्ड नंबर वन' ही बेंटली स्पीड सिक्स, १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीची विजेती. पुढे तिचं इंजिन, चॅसी, बॉडी बदलत गेली. १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतीतल्या अपघातात तिचा चालक क्लाइव्ह डन्फी गेला, मग ती पुन्हा बांधली गेली. १९९० मध्ये तिचा एक कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि 'ही ती गाडीच नव्हे' म्हणून घेणारा मागे फिरला. न्यायाधीशांनी मान्य केलं की १९२९ चं तिच्यात फारसं काही उरलेलं नाही. तरीही निकाल दिला की हीच ओल्ड नंबर वन, कारण ती कधी मोडीत निघून दुसरी तयार झालेली नाही. एकच गाडी सलग बदलत गेली.

टपावरचा
मला नाही पटत. ल मान्स जिंकलेलं इंजिन नाही, चॅसी नाही, मग जिंकलं कोण? नुसत्या नावाला एक कोटी पौंड?

कागदीघोडे
नावाला नाही, साखळीला. मधे एक दिवसही असा नाही की ती गाडी 'नव्हती'. आम्ही कागद लावतो तेही हेच पाहायला.

रेडिएटर
मला टपावरच्याचं थोडं पटतं. मोडीच्या दारातून परत आलेली गाडी मला जास्त खरी वाटते. बुगाटी रोयाल घ्या, १२.७ लिटरचं इंजिन, सगळ्या मिळून सहाच उरल्या. त्यातली एक जर्मन डॉक्टरने घेतली होती. तो देश सोडून निघाला, गाडी शांघायमार्गे न्यूयॉर्कला पोचली. एका थंडीत ब्लॉकमधलं पाणी गोठून ब्लॉक तडकला आणि ती ब्राँक्समधल्या भंगाराच्या अड्ड्यात गेली. चार्ल्स चेन नावाच्या जनरल मोटर्सच्या इंजिनिअरने तिला तिथून उचललं, दुरुस्त केलं आणि पुढे हेन्री फोर्डच्या संग्रहालयाला देऊन टाकलं. तडा गेलेला का असेना, ब्लॉक तिचाच होता.

गोगलगाय
आणखी एक राहिलंच. १९१५ ची गाडी 'व्हिंटेज' नव्हे. ब्रिटिश क्लबांच्या हिशेबाने व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३०. त्याच्या आधीची एडवर्डियन, आणि १९०४ पर्यंतची व्हेटरन.

सावली
गोगलगाय, सावकाश येता पण बिनचूक येता.

वाळूघड्याळ
ट्रंक उघडली. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आत्या बोलली.

आधी कागद. वाटणीपत्रात मोटारीचा उल्लेख नाही, म्हणजे तोवर ती गाडी म्हणून राहिलेली नव्हती. पण पणजोबांच्या वहीत पहिल्याच पानावर 'मोटर नं.' असं लिहून आठ लाखांच्या घरातला आकडा आहे. पूर्ण आकडा अबोलीताईंचं वाचल्यावर इथे टाकत नाही. कागदीघोडे आणि रेडिएटर यांना व्यनि (खासगी निरोप) केला आहे.

आता आत्या. ती आजोबांची सर्वांत धाकटी मुलगी, वय नव्वदीच्या पुढे, ऐकू कमी येतं. तिला फोटो दाखवून विचारलं, मोटर विहिरीत कशी पडली? तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पडली कुठे? विहिरीला दिली."

मी म्हटलं, कुणी दिली? म्हणाली (तिचे आजोबा म्हणजे माझे पणजोबा), "आजोबांनी. टायर मिळेनात, गाडी नुसती उभी. मग मोटर काढून विहिरीवर बसवली. पाणी ओढायची. आम्ही पोरं आवाज ऐकून पळायचो."

'विहिरीला गेली' हे मी लहानपणापासून ऐकलंय. सगळ्यांनीच ऐकलंय. 'ला' चा 'त' कधी झाला ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

विहिरीच्या उत्तरेला पडकी खोली आहे. आम्ही तिला 'इंजिनखोली' म्हणतो. आयुष्यभर म्हणत आलोय. छप्पर पडलंय, आत निवडुंग आणि दगड. उद्या सकाळी जातो.

टपावरचा
अहो, आत्ताच जा ना!

कागदीघोडे
व्यनि पाहिला. आकडा १९१५ चा आहे. फोर्डची दहा लाखावी टी १९१५ च्या डिसेंबरात बाहेर पडली, ही त्याच्या काही महिने आधीची. फोटोवरून रेडिएटरने सांगितलेलं साल आणि वहीतला आकडा यांचा मेळ बसतोय.

पाना_दहाबारा
टीचं इंजिनच का वापरलं असेल तेही सांगतो. तिला बॅटरीची गरज नाही, फ्लायव्हीलवरच सोळा चुंबकांचा मॅग्नेटो असतो आणि ठिणगी तिथून मिळते. पाण्याचा पंप नाही, गरम पाणी आपोआप वर चढतं, गार खाली येतं. तेलही उडून उडूनच सगळीकडे पोचतं. हँडल मारा, चालू. चारी बाजूंना कितीतरी टी अशाच शेवटी करवतीला, पंपाला, गिरणीला जुंपल्या गेल्या. काही जण तर मागचं एक चाक जॅकवर उचलून त्यालाच पट्टा लावत.

उद्या जाताना तारेचा ब्रश आणि रॉकेल न्या. आकड्यांवर पॉलिश पेपर चालवू नका, ग्राइंडर तर मुळीच नको. कागद ठेवून वरून पेन्सिल घासा. ब्लॉकवर ओतकामाची तारीख साच्यातूनच उठलेली असते, तीही शोधा. ती नंबराच्या थोडी आधीची असायला हवी.

वाळूघड्याळ
सापडलं.

दगडी चौथऱ्यावर चार बोल्टांवर बसलंय. वर पत्रा पडला होता म्हणून पाऊस थेट लागला नाही. हेड जागेवर, एक स्पार्क प्लग तुटलेला. मागे सपाट पट्ट्याची पुली आहे. डाव्या अंगाला नळीच्या वर आकडे. पेन्सिल घासली आणि वहीतला आकडा कागदावर आला. शेवटचा एक आकडा गंजाने अर्धा खाल्लाय, पण जे उरलंय ते जुळतं. ओतकामाची तारीखही १९१५ ची, नंबरावरून येणाऱ्या महिन्याच्या जरा आधीची.

अबोलीताई, तुम्ही घरच्या माणसाच्या खुणेचं लिहिलं होतंत. आत्याला फोन लावला. ती म्हणाली, मोटारीच्या एका पायाला आजोबांनी पितळेचा तुकडा ठोकला होता, हलायची म्हणून. उत्तरेकडच्या मागच्या बोल्टाखाली पितळेची चकती आहे. हाताने बनवलेली.

खोलीच्या दाराची चौकट लोखंडी पट्ट्यांची आहे. आज पहिल्यांदा नीट पाहिली. तिला एका ओळीत बोल्टाची भोकं आहेत. चॅसीच्या पट्ट्या असाव्यात असं वाटतंय, फोटो टाकतो.

अबोली
पितळेची चकती. दोनदा वाचलं. फार फार आनंद झाला.

गोगलगाय
बुगाटी तळ्यात, तुमची मळ्यात.

टपावरचा
आता माझाच प्रश्न मला परत विचारतो. गाडी सापडली की फक्त इंजिन सापडलं?

कागदीघोडे
टीचा नंबर इंजिनावर. त्या सालच्या कुठल्याही कागदाला विचारलंत तर गाडी सापडली.

रेडिएटर
चौकटीचा फोटो मोठा करून पाहिला. टीची चॅसी वाटतेय, पण भोकांमधलं अंतर मोजून कळवा, मग नक्की सांगतो.

वाळूघड्याळ
मोजून टाकतो. आणि पाना_दहाबारा, हँडलच्या जागी पाना लावून फिरवून पाहू का? जाम आहे.

पाना_दहाबारा
अजिबात नाही! हात लावू नका. प्लग काढा, चारी सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ तेल निम्मं-निम्मं ओता, भोकांना चिंधीचे बोळे लावा आणि महिनाभर विसरून जा. मधूनमधून पातळी पाहा, उतरली तर पुन्हा भरा. पितळेची चकती आहे तिथेच राहू दे. चौथऱ्यावरून इंजिन उचलायच्या आधी आत्यांना एकदा तिथे घेऊन जा.